रकाना सतरा

फॉर्मवर सहा चेहरे छापलेत.
पहिला हसतो, शेवटचा रडतो,
मधले चार कुणाचेच नाहीत.
'दुखणं किती? शून्य ते दहा.'
मी जैतुबाईसमोर कागद धरते.
ती आधी चेहरे बघते, मग मला:
'हे पोट्टे कोणाचे वं?'

मांडवीच्या पुढं फाट्यावर जीप सोडायची,
तिथून पायी. सागाची वाळकी पानं
पायाखाली पापडासारखी मोडतात.
खांद्याला थंड पेटी, पेटीत बोटाएवढ्या नळ्या,
आणि बर्फ वितळायच्या आत
गोकुंद्याच्या दवाखान्यात परत.
पंधरा महिने झाले.
आता कुत्री भुंकत नाहीत.

'आकडा सांग बाई. मागल्या अमावस्येला दुखलं, तेव्हाचा.'
ती माणकूच्या गुडघ्यावर हात ठेवते.
नऊचा आहे, सहाचा दिसतो. डोळ्यांत हळद.
'आकडा नाही येत मला.
हाडात कोणीतरी करवत चालवायलंय म्हणतो रातभर.
लाकूड वल्लं हाय म्हणे,
करवत अडकायली.'

रकाना सतरा: शेरा.
रुंदी दोन बोटं.
करवत मावत नाही तिथं.
मी आठ लिहिते.

गुट्टे मॅडमनी एकदा भिंगाखाली दाखवलं होतं:
गोल गोल पेशी, बाजारातून अंग चोरून जावं तशा,
आणि मधेच एक वाकडी, अडून बसलेली,
तिच्यामागं सगळा बाजार तुंबलेला.
'विळा,' मॅडम म्हणाल्या.
विळ्याला मूठ असते, मॅडम.
ह्याला धरायचं कुठून?
हे मी बोलले नाही. नोकरी नवी होती.
आणि माझ्याही रक्तात निम्मा विळा आहे,
तो दुखत नाही, फक्त
देवराव आठवला की जागा होतो.

देवराव माझा भाऊ. सतरा वर्षांचा.
बाकावर तीन तास कण्हत होता.
'नाटकं करतंय पोरगं,' असं म्हणून
कुणीतरी चहा प्यायला गेलं.

म्हणून मी फॉर्मच्या पाठीवर लिहीत गेले.
पेन्सिलीनं, बारीक.
दाभणानं शिवल्यासारखं.
पाण्यात उतरलं की चावतं.
आधी पोटात, मग सासूच्या बोलण्यात.
मास्तर म्हणतात आळशी.
नांदेडहून घोडकेंचा फोन:
'ताई, पाठीमागचं स्कॅन होत नसतंय,
कशाला कागद खराब करता?'

एका संध्याकाळी वीज गेली होती.
मॅडम मोबाईलच्या उजेडात गठ्ठा चाळत बसल्या,
एक कागद उलटा पडला म्हणून वाचला.
मग दुसरा त्यांनीच उलटवला.
दोनशे अकरा.
वीज आली, तरी मोबाईल तसाच धरलेला.
'अगं,' त्या म्हणाल्या,
'प्रत्येक कागदात एक बाक आहे.'

नवा फॉर्म उन्हाळ्यात आला.
त्यात एक रकाना जास्तीचा, अठरावा:
दुखायला लागल्यापासून
कुणी विश्वास ठेवेपर्यंत किती वेळ गेला?
दवाखान्याच्या दारावर घड्याळ टांगलं,
सिस्टरच्या वहीत आल्याची वेळ, औषध दिल्याची वेळ.
घड्याळ पाच मिनिटं मागं पडतं,
कुणी लावत नाही. तरी आहे.
ह्यानं विळा सरळ होत नाही.
गोळी रोज घ्यायची, पाणी प्यायचं, थंडीत पाय झाकायचे,
आणि पुढल्या अमावस्येचा भरवसा नाही तो नाहीच.

'परवा नेला होता,' जैतुबाई सांगते,
'बाकावर बुड टेकू दिलं नाही.
आत घेतला अन् सुई दिली.'
एवढंच. चुलीपुढची राख सारत.

मी आकडा विचारायला वाकले, तर
माणकूनं पेन्सिल पळवलेली,
जीभ बाहेर काढून काहीतरी गिरवायलाय.
सहाही चेहऱ्यांना कान काढलेत त्यानं,
शेवटच्याचे सगळ्यांत मोठे.
'ह्यायला ऐकूच येत नव्हतं,' तो म्हणाला.

घोडके ओरडणार.
मी खोडलं नाही.
पेटीच्या तळाशी पाणी डुचमळायला लागलं होतं,
फाटा अजून दोन कोस.